जुन्या शिडाच्या बोटीचं गळणारं पुढचं हॅच: दुरुस्तीची पूर्ण केस

हॅच, म्हणजे बोटीच्या डेकला (वरच्या पृष्ठभागाला) असलेलं उघडझाप करायचं झाकण, गळतंय म्हटलं की हात आधी सिलिकॉनच्या ट्यूबकडे जातो. मला हे लिहायचंय ते त्यासाठीच, कारण हॅचला सील एक नसतं, चार असतात. काचेसारखी दिसणारी अ‍ॅक्रिलिकची लेन्स आणि अ‍ॅल्युमिनियमची फ्रेम यांच्यामधला सांधा, झाकण आणि खालची फ्रेम यांच्यामधलं रबराचं गॅस्केट, हँडलचा दांडा जिथून आरपार जातो तिथली छोटी ओ-रिंग, म्हणजे रबराची गोल कडी, आणि फ्रेम डेकवर बसते तिथला सांधा. चारही ठिकाणी मटेरियल वेगळं, बिघडायची रीत वेगळी आणि उपायही वेगळा. यातलं नक्की कुठलं गळतंय ते न बघता ट्यूब चालवली की पाणी दुसऱ्या वाटेने येतं आणि मग माणूस म्हणतो की काही उपयोगच होत नाही.

बोट माझ्या मावसभावाची, म्हणजे दादाची. फायबरग्लासची, साधारण दहा मीटरची, ऐंशीच्या दशकातली, डेकच्या आत बाल्सा या हलक्या लाकडाचा कोअर, म्हणजे गाभा. डोलकाठीच्या पुढे, नाळेकडच्या (बोटीच्या पुढच्या टोकाच्या) बर्थच्या, म्हणजे झोपायच्या जागेच्या, बरोब्बर वर ५०० बाय ५०० मिलीमीटरचं अ‍ॅल्युमिनियम फ्रेमचं हॅच. तक्रार अशी की लाट डेकवर आली की गादी ओली, जोराचा पाऊस आला तरी ओली. आधीच्या मालकाने आणि नंतर दादानेही दरवर्षी लेन्सच्या कडेने आणि फ्रेमच्या बाहेरून सिलिकॉनची वळी फिरवली होती, एकावर एक थर चढलेले, कुठे पिवळे पडलेले, कुठे पापुद्रे सुटलेले. दादाचं म्हणणं, "अरे, यंदा चांगल्यातलं सीलंट आण, एकदाच जाड मारून टाकू." मी म्हटलं दादा, मारू, पण आधी दोन दिवस फक्त बघूया.

ही बाहेरून मारलेली वळी मला कधीच पटत नाही, का ते सांगतो. सांध्याच्या आत सीलंट सुटलेलं असतं तेव्हा पाणी बारीक फटीतून आत शिरतं, ते वरच्या वळीने थांबत नाही, वळीची एक कड कुठेतरी सुटलेली असतेच, आणि आत गेलेल्या पाण्याला बाहेर पडायला मग वाटही राहत नाही. ते तिथेच मुरतं, बोल्टाच्या भोकातून कोअरमध्ये उतरतं. गादी कोरडी दिसते म्हणून आपण खूश, आणि डेक आतून कुजत असतो. त्यापेक्षा गादी भिजलेली परवडली, निदान कळतं तरी.

पहिलं काम, आतली सजावटीची पट्टी काढली. ही पट्टी असेपर्यंत पाणी कुठून येतंय ते कधीच कळत नाही, कारण वरून आलेला थेंब पट्टीच्या मागे फिरून भलत्याच कोपऱ्यातून टपकतो. पट्टी निघाल्यावर दिसलं की पुढच्या बाजूच्या दोन बोल्टांखाली चहाच्या रंगाचे ओघळ आहेत. बाल्सा डेक असलेल्या बोटीत हा तपकिरी रंग दिसला की समजायचं पाणी लाकडातून फिरून आलंय. मग फ्रेमचा आतला भाग पुसून कोरडा केला, टिश्यू पेपरच्या पट्ट्या चारही बाजूंनी चिकटवल्या आणि नळी घेतली. यात घाई करायची नाही. पाणी जोराने मारायचं नाही, नुसतं वाहू द्यायचं, आणि खालून वर जायचं: आधी फ्रेम आणि डेकचा सांधा, बाकी सगळं वरून मास्किंग टेपने बंद करून, दहा-पंधरा मिनिटं तिथेच. आत एक माणूस टॉर्च घेऊन बसलेला. तिथलं कळलं की मग गॅस्केटची रेघ, मग लेन्सची कड, शेवटी हँडलं. एकदम सगळ्या हॅचवर पाणी ओतलं तर गळतं एवढंच कळतं, आणि ते आपल्याला आधीच माहीत असतं.

निकाल असा आला की चारही ठिकाणी गळत होतं. कमीजास्त, पण चारही. लेन्सचं तर पाण्याशिवायही दिसत होतं, खालून तिरकं बघितलं की काळ्या सीलंटच्या पट्ट्यात मधेमधे चांदीसारखे चकचकीत डाग, म्हणजे तिथे सीलंटने अ‍ॅक्रिलिक सोडलंय आणि मधे हवा किंवा पाणी शिरलंय. पुढच्या कडेला असा डाग सलग वीतभर होता.

गॅस्केटसाठी खडूची परीक्षा घेतली. खालच्या फ्रेमच्या ज्या काठावर गॅस्केट टेकतं त्या काठाला शाळेतला खडू फासायचा, झाकण लावून हँडलं नेहमीसारखी फिरवायची, उघडायचं आणि गॅस्केटवर खडूची रेघ कशी उमटलीय ते बघायचं. रेघ सलग आणि सारख्या जाडीची हवी. इथे पुढच्या डाव्या कोपऱ्यात रेघच नव्हती, मागच्या उजव्या कोपऱ्यात अगदी पुसट, आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत मात्र रबर पार चपटं झालेलं. म्हणजे समोरासमोरचे कोपरे जोडीने बिघडलेले. गॅस्केट नुसतं म्हातारं झालं असतं तर ते सगळीकडे सारखंच दबलं असतं, असं तिरपं नाही. इथे मला पहिल्यांदा वाटलं की दुखणं रबरात नाहीये, फ्रेम पिळलीय.

ते तपासायची युक्ती सोपी आहे आणि जुनं हॅच हाताळणाऱ्या प्रत्येकाने करावी अशी आहे. खालच्या फ्रेमच्या कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत दोन बारीक दोरे ताणून बांधायचे, फुलीसारखे. फ्रेम सपाट असेल तर मध्यावर दोन्ही दोरे एकमेकांना नुसते टेकतात. टेकले तरी लगेच विश्वास ठेवायचा नाही, खालचा दोरा वरून घेऊन परत बघायचं, कारण खालचा दोरा वरच्याला उचलून धरत असेल तर पीळ लपून जातो. आमच्याकडे मध्यावर साधारण दीड मिलीमीटर फट दिसली. मध्यावरची फट कोपऱ्याच्या उठावाच्या निम्मी असते, म्हणजे एक कोपरा बाकीच्या तिघांच्या पातळीपासून तीन मिलीमीटर वर. एवढं अंतर कुठलंच गॅस्केट भरून काढत नाही. नवीन रबर टाकलं असतं तर पहिला सीझन गेला असता आणि मग परत तेच.

पीळ आला कुठून? डेकला तिथे बाक होता, आणि बसवणाऱ्याने सपाट फ्रेम त्या बाकदार डेकवर ठेवून बोल्टांनी खेचून खेचून बसवली होती. दादाला म्हटलं आता नट एकेक करून सैल करत जा, मी दोऱ्यावर डोळा ठेवतो. चौथा-पाचवा नट सुटला तशी फट मिटायला लागली आणि शेवटी दोरे टेकले. हा या सगळ्या कामातला सगळ्यात आनंदाचा क्षण होता, कारण याचा अर्थ फ्रेम कायमची वाकलेली नव्हती, नुसती दाबून धरलेली होती. कायमची वाकली असती तर नवीन हॅच, दुसरा इलाज नाही. दादा आतून ओरडला, "म्हणजे आपण इतकी वर्षं भलतीकडेच सिलिकॉन मारत होतो?" होय दादा, पण आता कळलं ना.

मग हॅच पूर्ण उतरवलं. स्टेनलेसचे बोल्ट अ‍ॅल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं राहिले की खाऱ्या पाण्यात दोन धातूंची बॅटरी होते आणि अ‍ॅल्युमिनियम झिजून पांढरी पावडर होते, ती बोल्टाभोवती घट्ट बसते. जोर लावून डोकं उडवण्यापेक्षा पेनिट्रेटिंग ऑइल मारून रात्रभर ठेवायचं, हीट गनने फ्रेम जराशी गरम करायची, मग इम्पॅक्ट ड्रायव्हर. गरम करताना लेन्स आणि डेकचा जेलकोट (वरचा चकचकीत थर) दोन्हीला जपायचं. फ्रेम डेकपासून सोडवायला पातळ पट्टी आणि लाकडी पाचरी, एका जागी ताकद न लावता चहूबाजूंनी थोडं थोडं. पटाशी घालून उचकटली की फ्रेम तिथेच वाकते, आणि मग वर लिहिलेला सगळा आनंद वाया.

लेन्स बदलायची की तीच परत बसवायची यावर आमचा वाद झाला. ती नुसती चरे पडलेली असती तर पॉलिश करून वापरली असती. पण उन्हात धरली तर आत बारीक बारीक भेगांचं जाळं दिसत होतं, त्याला क्रेझिंग म्हणतात. त्या भेगा पृष्ठभागावरून आत जातात, पॉलिशने जात नाहीत, आणि पुढच्या हॅचवर माणूस कधी ना कधी पाय देतोच, तोही हलत्या डेकवर, अंधारात. मी नाहीच म्हटलं. नवीन लेन्स जुन्या जाडीचीच, १० मिलीमीटर, आणि कास्ट अ‍ॅक्रिलिकची. एक्स्ट्रूडेड अ‍ॅक्रिलिक स्वस्त मिळतं पण त्यात आतला ताण जास्त असतो, क्रेझिंग लवकर येतं. पॉलिकार्बोनेट बरेच जण सुचवतात कारण ते फुटत नाही, ते खरंच आहे, पण ते अ‍ॅक्रिलिकपेक्षा जास्त लवतं, पाय दिला की कडेचं सीलंट सोलत राहतं, शिवाय चरे पटकन पडतात. पुढच्या छोट्या हॅचला माझं मत अ‍ॅक्रिलिकलाच.

सगळ्यात कंटाळवाणं आणि सगळ्यात महत्त्वाचं काम म्हणजे जुनं सिलिकॉन काढणं. सिलिकॉनवर दुसरं काहीच नीट चिकटत नाही. आधी ब्लेडने खरवडून काढायचं, मग रिमूव्हर, मग परत खरवडायचं, आणि सगळ्यात शेवटी पॉलिश पेपर. क्रम उलटा केला तर पेपर सिलिकॉनचा तो अदृश्य थर सगळीकडे पसरवतो. झालं की नाही हे डोळ्यांना कळत नाही, पाण्याला कळतं: फ्रेमच्या खाचेत पाणी शिंपडलं आणि ते पातळ चादरीसारखं पसरलं तर स्वच्छ, मण्यांसारखे थेंब झाले तर अजून सिलिकॉन आहे. आमची फ्रेम तीन बाजूंनी लवकर साफ झाली, चौथी बाजू, बिजागरीकडची, मात्र परत परत मणी दाखवत होती. तिथे जुने थर सगळ्यात जाड होते, आणि बिजागरीच्या मागे ब्लेड जात नव्हतं. शेवटी बिजागरीची पिन काढली तेव्हा कुठे जमलं.

डेकच्या भोकाच्या कडेला बाल्सा बोटाने दाबला तर पाणी येत होतं. सुदैवाने ओल फार आत गेली नव्हती. कोरडं, पांढरं लाकूड लागेपर्यंत खरवडून काढलं, कडेपासून सगळीकडे निदान दहा-बारा मिलीमीटर आत, मग हवेवर पूर्ण वाळू दिलं. ओल्या लाकडावर एपॉक्सी (दोन भाग मिसळले की कडक होणारं रेझिन) भरणं म्हणजे पाणी आत कोंडणं. वाळल्यावर आधी पातळ एपॉक्सी ब्रशने पाजली, ती मऊ असतानाच सिलिका पावडर घालून घट्ट केलेली एपॉक्सी भरली. बोल्टांची भोकंही मोठी करून तशीच भरून घेतली आणि नंतर नवीन पाडली, म्हणजे उद्या बोल्टाशी गळलंच तरी पाण्याची गाठ एपॉक्सीशी पडेल, लाकडाशी नाही.

आता पिळाचा मूळ इलाज. डेक सपाट करायचा, फ्रेम वाकवायची नाही. फ्रेमच्या खालच्या बाजूला पॅकिंग टेप लावून वर मेण घासलं म्हणजे एपॉक्सी तिला धरणार नाही. डेक खरखरीत करून त्यावर घट्ट एपॉक्सीची जाड वळी दिली आणि फ्रेम नुसती वर ठेवली, स्वतःच्या वजनावर, एकही बोल्ट न आवळता. फुलीचे दोरे बांधलेलेच होते, ते टेकलेले आहेत याची खात्री केली, आणि पिकेपर्यंत, म्हणजे पूर्ण कडक होईपर्यंत, कोणी हात लावायचा नाही. फ्रेम काढली तेव्हा डेकवर तिचा ठसा, बाक जिथे होता तिथे जाड, जिथे नव्हता तिथे कागदासारखा पातळ. पिकलेल्या एपॉक्सीवर मेणचट थर येतो तो आधी पाण्याने धुवायचा आणि मग घासायचं.

लेन्स बसवताना लोकांची सगळ्यात जास्त गल्लत सीलंट निवडण्यात होते. पॉलिसल्फाइड आणि बोटींसाठीची बरीचशी पॉलियुरेथेन सीलंटं अ‍ॅक्रिलिकला चालत नाहीत, ती प्लॅस्टिकला इजा करतात किंवा उन्हात सोडून देतात. काही खास पॉलियुरेथेनं याच कामासाठी बनवलेली असतात पण त्यांना त्यांचं प्रायमर लागतं आणि कडेला उन्हापासून संरक्षणही. आम्ही इमारतींच्या काचा बसवायला वापरतात ते स्ट्रक्चरल ग्लेझिंगचं न्यूट्रल क्युअर सिलिकॉन घेतलं, काळं. न्यूट्रल क्युअर हा शब्द ट्यूबवर बघूनच घ्यायचा, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन पिकताना आम्ल सोडतं आणि अ‍ॅल्युमिनियम खातं. हो, सिलिकॉनच, ज्याच्या नावाने मी वर एवढा ओरडलो. लेन्सच्या खाचेत ते योग्य आहे, डेकच्या सांध्यात आणि बाहेरच्या मलमपट्टीत नाही.

फटीचा हिशोब मात्र करायलाच हवा. अ‍ॅक्रिलिक एका अंशाला मीटरमागे सुमारे ७० मायक्रॉन फुगतं, अ‍ॅल्युमिनियम सुमारे २३. म्हणजे ५०० मिलीमीटरची लेन्स रात्रीच्या गारव्यापासून भर दुपारपर्यंत ४० अंश तापली तर ती १.४ मिलीमीटर वाढते आणि फ्रेम अर्धा मिलीमीटरही नाही. हा जवळजवळ एक मिलीमीटरचा फरक रोज सीलंटनेच सोसायचा असतो. लेन्स फ्रेमला घासून बसवली तर सीलंटला ताणायला जागाच नाही, ते फाटतं. म्हणून चारही बाजूंनी तीन मिलीमीटर फट ठेवून लेन्स कापून घेतली, आणि लेन्सखालीही सीलंट पूर्ण पिळून बाहेर जाऊ नये म्हणून आधीच पिकवून ठेवलेल्या सीलंटचे दोन-तीन मिलीमीटर जाडीचे छोटे तुकडे टेकू म्हणून ठेवले. तेच मटेरियल असल्यामुळे ते आतच राहिले तरी चालतात.

लेन्सचा वरचा संरक्षक कागद फक्त कडेपुरता सोलला, फ्रेमवर मास्किंग टेप, सीलंट भरपूर आणि सलग, मधे हवा राहू न देता, लेन्स वरून हलकेच दाबून टेकूंवर बसवली, मग कडेची फट भरून एका ओढीत पट्टीने सपाट केली आणि साय धरायच्या आत टेप काढली. हे सीलंट हवेतल्या ओलाव्यावर बाहेरून आत पिकत जातं, वरून कडक झालं तरी आत ओलं असतं. आठवडाभर झाकण आडवं, सावलीत. दादा दुसऱ्याच दिवशी बोटाने दाबून बघत होता, त्याला वहिनींनीच बाजूला केलं.

फ्रेम डेकवर बसवायला ब्युटिल टेप, म्हणजे मऊ, चिकट रबराची पट्टी. इथे चिकटवून धरायची गरजच नाही, धरायला बोल्ट आहेत. ब्युटिल कधी कडक होत नाही आणि उद्या हॅच काढायचं झालं तर निघतं. प्रत्येक भोकाच्या तोंडाला काउंटरसिंकने छोटी खळगी केली आणि बोल्टाच्या मानेला ब्युटिलचा वेढा दिला, तो खळगीत दबून बसतो. बोल्टाच्या आट्यांना अ‍ॅल्युमिनियम-स्टेनलेससाठीची गंजरोधक पेस्ट. आवळताना बोल्ट वरून स्थिर धरायचा आणि खालून फक्त नट फिरवायचा, बोल्ट फिरला की तो ब्युटिलचा वेढा तुटतो. आणि एका दिवसात आवळून टाकायचं नाही. ब्युटिल सावकाश पसरतं, म्हणून आज थोडं, उद्या थोडं, परवा थोडं, दर वेळी दोऱ्यांकडे बघत.

त्यामानाने गॅस्केट सोपं. त्याच आकाराचं घ्यायचं, सांधा बिजागरीच्या बाजूला मध्यावर येईल असं बसवायचं, आणि ताणून कधीच नाही. ताणून बसवलेलं रबर काही महिन्यांत आक्रसतं आणि सांध्याशी फट पडते. उलट किंचित जास्त लांब कापून खाचेत ढकलत बसवायचं. हँडलच्या ओ-रिंग बदलल्या, सिलिकॉन ग्रीस लावलं. परत खडू फासला, या वेळी रेघ चारही कोपऱ्यांत सलग आली, हँडल एका बोटाने फिरत होतं. आधी दोन्ही हातांनी दाबावं लागायचं, ते वयामुळे नव्हे, पिळामुळे.

देखभालीचं दादाला एवढंच सांगितलं: लेन्स गोड्या पाण्याने आणि साध्या साबणाने धुवायची, अ‍ॅसिटोन, थिनर आणि अमोनियावालं काच पुसायचं लिक्विड तिच्या आसपासही नको, क्रेझिंग त्यानेही येतं. नांगरावर असताना कापडी कव्हर घालायचं, ऊन टळलं की लेन्स, सीलंट, रबर तिघांचंही आयुष्य वाढतं. बोट महिनोन् महिने बंद राहणार असेल तर हँडलं पूर्ण आवळून ठेवायची नाहीत, गॅस्केट दबलेल्या आकारातच राहून जातं. उघड्या झाकणावर कोणी टेकायचं नाही. सीझन सुरू होताना एकदा खडू आणि एकदा दोरे.

नळीखाली आणि नंतर समोरच्या लाटांमध्येही हॅच कोरडं राहिलं. तरी एका गार सकाळी दादाचा फोन, "अरे, परत थेंब!" मी विचारलं खारट आहे का आणि कुठे आहे. खारट नव्हतं, आणि फ्रेमच्या चारही बाजूंना सारखंच, दवासारखं. आत झोपलेल्या माणसांच्या श्वासाचा ओलावा गार अ‍ॅल्युमिनियमवर जमलेला, गळती नाही. रात्री मागचं झडपेचं व्हेंट उघडं ठेवलं की कमी होतं, आतल्या बाजूने फ्रेमला पातळ फोम लावला की अजून कमी. सलूनवरच्या (बोटीतल्या बैठकीच्या जागेवरच्या) मोठ्या हॅचला आता दोरे बांधून झालेत, तिथेही मध्यावर फट आहे, या वेळी जरा बारीक.